सदाफुलीचे पराग उगवत नाहीत

लालबाग, ६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

परवा फोनवर आपण दोघी ओरडत होतो. तू, तुला ऐकू येत नाही म्हणून, आणि मी, तुला ऐकू यावं म्हणून. शेवटी बाबा म्हणाले, "गो बाय, खालचे लोक वर येतील आता. पत्र लिही तिला." व्हॉट्सअॅपवरच लिहिलं असतं, पण तुझा मोबाईल 'पराग'चा 'प्रयाग' करतो म्हणून तू त्याच्यावर रुसलेली. म्हणून हे पत्र.

तर सांगायचं होतं ते एवढंच, की माझे पराग उगवत नाहीत.

पद्धत तुझीच आहे. साखरेचं पाणी, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम मोजून घालायचं आणि सदाफुलीच्या ताज्या फुलातले परागकण त्या थेंबात सोडायचे. फुलावर पडलेला कण तिथल्या ओलाव्यातून क्षार ओढून घेतो आणि नळी बाहेर काढतो. थेंबातही तसंच व्हायला हवं. चिमूटभर बोरॉन घातलं की होतंही. तासा-दीड तासात शेवया सांडल्यासारख्या नळ्या दिसतात. बोरॉन नसेल तर काही नाही. कण फुगून साबुदाण्यासारखे बसून राहतात, काही तर फुटतात.

आणि तुझा १९९१चा पेपर म्हणतो, सदाफुलीला बोरॉन बाहेरून लागत नाही, कणातला साठा पुरतो. माझा अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा आहे. तो साठा कणात कुठे असतो आणि कसा वापरला जातो, हे शोधायला मी निघाले होते. पहिली दोन वर्षं मलाही बोरॉनशिवाय नळ्या मिळत होत्या, तुला फोटो दाखवले होते ना? मग माटुंग्याच्या आमच्या लॅबचं नूतनीकरण झालं. नवे ओटे, नवी यंत्रं, एसी, सगळं चकाचक. तेव्हापासून एक कण उगवेल तर शपथ. आमचे गाईड हितेंद्र सर म्हणतात, "पूर्वी जमत होतं ना? मग आता तुझं लक्ष कुठे असतं?"

त्यात कुंड्या कॉलेजच्या गच्चीवर. सकाळी पोचते तर समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई पूजेला फुलं खुडून गेलेल्या. काय बोलू? देवाचं नाव घेतलं की माझंच तोंड बंद.

तू नक्की काय करायचीस, सगळं लिही. बारीकसारीकसुद्धा.

तुझी
नूपुर

•

गिरगाव, १३ जानेवारी

चि. नूपुर,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर सुधार.

फूल उमलल्या उमलल्या घ्यायचं. ऊन चढल्यावर घेतलेल्या फुलाचे पराग थकलेले असतात. बोटं कोरडी हवीत, आणि तू ते हाताला क्रीम लावतेस ते बंद कर. साखरेचं द्रावण मी रविवारी करायचे, उकळून बाटल्यांत भरायचे, आठवडाभर तेच वापरायचे. थेंबावर झाकण घालायचं, म्हणजे तो सुकत नाही. यापलीकडे माझ्याजवळ काही गुपित नव्हतं. पहिला तास साडेसातला असायचा, म्हणून मी पहाटेच कॉलेजात पोचायचे. विभागातले सर म्हणायचे, "घाडीबाई, बी.एस्सी.ला शिकवायला एवढं कशाला हवं?" मी आपली नळ्या मोजत बसायचे.

पेपर छापून आला तेव्हा तुझ्या आजोबांची गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली होती. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण ते मासिक बगलेत घेऊन ते लालबागच्या चाळीत प्रत्येक दारात उभे राहिले. "आमच्या आनंदीचा नाव छापलाहा, बघा." तुझा बाप तेव्हा मिसरूड फुटलेला, त्याला लाज वाटायची.

एक बातमी आहे. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाला यंदा पंच्याहत्तर वर्षं होतात. नऊ मार्चला कार्यक्रम आहे आणि माझा सत्कार करणार आहेत. दारातच एक फलक लावणार, त्यावर माझा फोटो आणि त्या पेपरचं वाक्य. मी नको म्हणाले. पण फार जोर लावून म्हणाले नाही, खोटं कशाला सांगू.

तुला जमेल. घाई करतेस तू, लहानपणापासून.

आनंदी आत्या

•

लालबाग, ३ फेब्रुवारी

आत्या,

सगळं केलं. पहिल्या बसने येऊन गच्चीवर पोचले, त्या पूजावाल्या बाईंच्या आधी. क्रीम बंद, हात भेगाळलेत. झाकण घातलं. साखर बदलली. कुंड्या बदलल्या. परळला एका कंपाउंडात वाढलेल्या रोपांची फुलं आणली, मग शिवाजी पार्कजवळची आणली, वॉचमनशी भांडून. पांढरी सदाफुली घेऊन झाली, गुलाबी घेऊन झाली. एसी बंद करून घामाने निथळत बसले. साबुदाणा! रोज साबुदाणा! आता घरी उपासाची खिचडी केली तरी मी ताट बाजूला सारते.

आणि बोरॉनचा एक थेंब सोडला की तेच कण, त्याच फुलातले, भराभरा नळ्या काढतात. आपल्याकडे पाहुणा पाण्यासाठी ताटकळत बसावा आणि पेला दिसताच उठावा तसे. आत्या, त्यांच्याजवळ साठा असता तर ते असे वाट बघत बसले असते का?

सरांनी काल सगळ्यांसमोर विचारलं, "तुझी पहिल्या दोन वर्षांची आकडेवारी खरी आहे ना?" लॅबमधला माझा सोबती अनिश शेजारीच बसला होता, त्याने मान खाली घातली. मला रडू आलं नाही, एवढा राग आला. खरी आहे! मी मोजलेली आहे! पण खरी असेल तर आता का येत नाही?

तुला एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या द्रावणात चुकून बोरॉन गेलं असण्याची काही शक्यता? एखादी बाटली, एखादा चमचा?

नूपुर

•

गिरगाव, ८ फेब्रुवारी

नूपुर,

रागावू नकोस असं लिहून राग येण्यासारखं विचारायचं, ही तुमच्या पिढीची पद्धत असेल.

बोरिक अॅसिडची बाटली मी वेगळ्या कपाटात ठेवत असे. कुलूप लावून. त्याचा चमचा वेगळा, तराजूचं पारडं वेगळं. सगळी काचेची भांडी मी स्वतः घासायचे. शिपायाला हात लावू देत नव्हते. त्यावरून कुशाबाने माझी तक्रारही केली होती की बाई आमच्यावर विश्वास ठेवत नाहीत. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे मी ते प्रयोग पुन्हा पुन्हा केले. एकदाही वेगळं आलं नाही.

तुझं येत नाही, तर आधी स्वतःकडे बघ. तुझ्या सरांनी विचारलं त्याचा तुला एवढा राग आला, आणि तोच प्रश्न तू मला विचारतेस.

त्या एका पेपरपलीकडे माझ्याजवळ काही नाही, हे तुला ठाऊक आहे. पुढे मला पीएच.डी. करू दिली नाही कुणी. आधी तुझ्या आजीचं आजारपण होतं, मग कॉलेजने रजा दिली नाही, मग वय गेलं.

या पत्राला घाईने उत्तर पाठवू नकोस.

आनंदी आत्या

•

लालबाग, २१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माझं चुकलं, असं विचारायला नको होतं. तू काळजीपूर्वकच केलं असणार, आता तर मला त्याची पुरती खात्री आहे.

माझं काम ठीक. कोडं थोडं उलगडतंय. सविस्तर नंतर कधीतरी. सध्या धावपळ आहे.

नऊ मार्चला कुठली साडी नेसणार? आई म्हणते, ती मोरपंखी नेस.

तुझी
नूपुर

•

गिरगाव, २५ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या नूपुर,

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. तू लपवलंस तरी मला कळलं! जमलं ना शेवटी? 'पुरती खात्री' म्हणतेस म्हणजे तुला बोरॉनशिवाय नळ्या दिसल्या. दिसल्याच असणार. आणि त्या दिवशी अचानक सांगून मला चकित करायचं मनात आहे, म्हणून हे 'सविस्तर नंतर'. तुझ्या बापाची सवय आहे ही, वाढदिवसाला भेट पाठीमागे लपवून यायचा.

मागच्या पत्रात मी फार कडक लिहिलं. विसरून जा.

काल विभागप्रमुख घरी येऊन गेले. फलक तयार झालाय. मला दहा मिनिटं बोलायचं आहे. मी त्यांना सांगून टाकलं की माझी भाची आज माटुंग्याला नव्या यंत्रांवर तेच काम करते आहे आणि तिने माझा निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहिला आहे. ते इतके खूश झाले! म्हणाले, तिलाही दोन शब्द बोलू द्या. तेव्हा तयारी करून ये. साडी मोरपंखीच.

आत्या

•

लालबाग, २८ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आलं, जिन्यातच वाचलं. तुला आता सांगावंच लागेल. सत्कार होऊन जाईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. तू मला स्टेजवर बोलावलंस, तिथे मी काय बोलू?

तुझा निष्कर्ष बरोबर नाही. माझाही नव्हता. पण आपल्यापैकी कुणी हलगर्जीपणा केला नाही.

झालं असं. दहा-बारा दिवसांपूर्वी आमच्याकडच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या संपल्या. मागच्या फळीवर नूतनीकरणाच्या आधीची एक काचेची बाटली होती, तिच्यात जुनं, उकळून बंद केलेलं साखरेचं द्रावण. बोरॉन नसलेलं, माझ्याच हातची चिठ्ठी त्यावर. वैतागले होते, नवं करायचा कंटाळा आला, तेच वापरलं. तासाभराने बघते तर नळ्या! मी ओरडले. अनिश धावत आला. दोघं नाचलो अक्षरशः. मला वाटलं, आत्या जिंकली.

मग अनिश म्हणाला, "थांब. ही बाटली कसली आहे?"

लॅबमधली काच घरातल्या पेल्यासारखी नसते गं. उष्णता सोसावी म्हणून तिच्यात बोरॉनच मिसळलेलं असतं. तिच्यात पाणी उकळलं, दिवसेंदिवस ठेवलं, की अगदी लेशमात्र बोरॉन पाण्यात उतरतं. आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. परागकणाला लागतो. तो इतका हावरा असतो की भोवतीच्या पाण्यात जे सापडेल ते ओढून घेतो, आणि नळीची भिंत बांधायला तेवढंही त्याला पुरतं. आमच्याकडे पूर्वी पाणीही काचेच्याच यंत्रात वाफ करून शुद्ध केलं जायचं. नूतनीकरणात ते भंगारात गेलं, नवं यंत्र आलं, प्लॅस्टिकची टाकी, प्लॅस्टिकच्या बाटल्या. तेव्हापासून कणांना खरोखर उपास घडला. त्याआधी आपण त्यांना उपाशी ठेवतोय असं समजत होतो, आणि बाटली त्यांना चोरून भरवत होती.

खात्री केली. एकच द्रावण, अर्धं काचेत, अर्धं प्लॅस्टिकमध्ये. दोन्ही उकळली, ठेवून दिली. कुठला थेंब कुठल्या बाटलीतला हे अनिशने लपवून ठेवलं, मला न सांगता मोजायला लावलं. काचेतल्यात नळ्या, प्लॅस्टिकमधल्यात साबुदाणा. दर वेळी. आता काचेतलं द्रावण तपासायला पाठवलं आहे, नेमकं किती बोरॉन उतरलं ते कळेल.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आत्याबाईंचा पेपर संदर्भांत घेऊच नकोस. कुणाला आठवतोय तो? प्रश्न बदल, एक वर्ष वाढवून घेऊ." एवढं सोपं करून टाकलं त्यांनी. कुणाला आठवतोय! मला संताप आला. माझी चार वर्षं, तुझ्या त्या सगळ्या पहाटा, आणि हे म्हणतात गाळून टाक.

मी नऊ तारखेला येणार नाही. तिथे बसून टाळ्या वाजवता येणार नाहीत मला, आणि टाळ्या न वाजवता बसताही येणार नाही. तू काय बोलायचं ते तू ठरव. काहीही ठरवलंस तरी मी कुणाला काही सांगणार नाही, बाबांनासुद्धा.

नूपुर

•

लालबाग, ६ मार्च

आत्या,

तुझं उत्तर नाही. तुझ्या शेजारच्या मेघनाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या तू बरी आहेस, फक्त दार लवकर उघडत नाहीस. एक ओळ तरी लिही. शिव्या दे.

नूपुर

•

गिरगाव, ११ मार्च

नूपुर,

शिव्या दिल्या, पत्रात नाही एवढंच.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. मग त्या अनिशवर, त्याने बाटलीकडे बघायचं काय कारण होतं. मग स्वतःवर. त्या बाटल्या मी ब्रशने आतून घासायचे, गरम पाण्याने विसळायचे, उन्हात पालथ्या घालायचे, मग त्यांतच द्रावण आठवडाभर जपून ठेवायचे. जितकी माझी काळजी तितकं बोरॉन, असं झालं ना हे? एवढा संताप येतो की कुणावर काढायचा ते कळत नाही. चोर पकडला असता तर बरं वाटलं असतं. काचेला काय बोलणार?

पेपर पुन्हा काढून वाचला. एका ठिकाणी मीच लिहिलं आहे की ताज्या द्रावणापेक्षा आठवडा झालेल्या द्रावणात नळ्या लांब येतात. लिहिलं आणि पुढे गेले. विचारलं नाही, का येतात. तिथे थोडं थांबायला हवं होतं.

कार्यक्रमाला गेले. मोरपंखी नेसले. तुझा बाप आला होता, पहिल्या रांगेत. फलक झेंडूच्या माळांनी सजवलेला, माझा तो चष्म्याचा जुना फोटो, आणि खाली सोनेरी अक्षरांत ते वाक्य. ते बघितल्यावर मी ठरवलं. तोपर्यंत ठरवलं नव्हतं, तुला खरं सांगते.

माईकपाशी गेल्यावर कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. काढून टाकलं आणि काही ऐकू येत नसताना बोलले. म्हणाले, "बाहेर फलकावर जे लिहिलंय ते चूक आहे. माझ्या भाचीने शोधून काढलं. सदाफुलीच्या परागाला बोरॉन बाहेरूनच लागतं. माझ्या बाटल्यांच्या काचेतून ते पाण्यात उतरत होतं आणि मला कळलं नाही. कृपा करून तो फलक उतरवा."

सभागृहभर टाळ्या. यंत्र नव्हतं, तरी हात दिसत होते. तुझा बाप तर उभा राहून वाजवत होता. मला वाटलं, त्यांना समजलं. यंत्र कानात घातलं तेव्हा अध्यक्ष बोलत होते, "घाडीबाईंचा हा विनय पाहा! एवढं मोठं काम करूनही म्हणतात, चुकले. नव्या पिढीने हा मोठेपणा शिकावा." मी परत माईककडे निघाले. कुणीतरी मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी म्हणतेय, "अहो, विनय नव्हे, ते खरंच चूक आहे," आणि फोटोवाला म्हणतोय, "मॅडम, इकडे बघा." विभागप्रमुखांना नंतर गाठलं तर ते म्हणाले, फलक छापून झालाय, आता राहू द्या, कोण वाचतं एवढं.

नूपुर, माझा आवाज अजून बसलेला आहे. कौतुक करून माणसाचं तोंड असं बंद करता येतं, हे मला माहीत नव्हतं. तू गच्चीवरच्या त्या बाईंसमोर गप्प बसतेस ते आता समजलं.

तुझ्या सरांना माझा निरोप दे. संदर्भांतून माझा पेपर गाळायचा नाही. 'घाडी यांचा निष्कर्ष चुकीचा आहे' असं सरळ लिही, नाव घालून, कारण देऊन. ज्या मासिकात तो छापला तिथे आपल्या दोघींच्या सहीने दुरुस्ती पाठवू. मासिक बंद पडलं असेल तर दुसरीकडे पाठवू. तुझी चार वर्षं फुकट गेली असं तू म्हणणार, आणि मी तुझी समजूत घालणार नाही. गेली ती गेली. पण प्रश्न बदलायला सांगितलाय ते चांगलं आहे. कमीत कमी किती बोरॉन त्या कणाला पुरतं, आणि तो ते कुठून कुठून मिळवतो, हे आधी कुणी नीट मोजलेलं मला तरी ठाऊक नाही.

आता शेवटचं. चहाच्या वेळी सगळे पांगले. मी चपला शोधत होते. तिथे विभागात नव्याने लागलेली एक मुलगी आली, प्रिती नावाची, वनस्पतिशास्त्रच शिकवते. माझ्या पाया वगैरे पडली नाही. कानाशी येऊन स्वच्छ आवाजात म्हणाली, "मॅडम, मग त्या बाटलीतून साधारण किती बोरॉन उतरत असेल? आणि बाटली जितकी जुनी तितकं जास्त, की कमी?"

 चौतीस वर्षांत त्या पेपरबद्दल लोकांनी माझ्याकडे पेढे मागितले, शाल दिली, फोटो काढले. प्रश्न घराबाहेरच्या कुणी विचारला नव्हता. हा पहिला.

लगेच पिशवीतून कागद काढला. तिचा पत्ता घेऊन ठेवलाय. तपासणीचा आकडा आला की लगेच कळव, मला तिला लिहायचं आहे.

आनंदी आत्या